दवाखान्यातल्या चॅप्लेनांची संघटना: चालवायची, मोडायची की घटनाच बदलायची?

एक्सरेवाले काका (धागाकर्ता)

विषय जरा आडवळणाचा आहे. पण इथे कॅथलिक मंडळी आहेत, डॉक्टर आहेत, एक-दोन वकीलही आहेत, म्हणून धागा इथेच काढतो. राजकारण विभागात मुद्दाम टाकलेला नाही, कृपया तिकडे ओढून नेऊ नये.

माझी सगळी नोकरी एका मिशन दवाखान्यात एक्स-रे काढण्यात गेली. यवतमाळ जिल्हा, कापसाचा पट्टा. निवृत्त झाल्यापासून त्याच वॉर्डांत आजाऱ्यांजवळ बसायला जातो. कॅथलिक असतील त्यांना ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) नेतो, बाकीच्यांची नुसती विचारपूस.

हे काम करणाऱ्यांची, म्हणजे चॅप्लेनांची, आमच्याकडे एक जुनी संघटना आहे. नाव देत नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना कळेलच. नागपूरचा महाधर्मप्रांत, अमरावतीचा धर्मप्रांत आणि बल्लारशाहून चालणारा सिरो-मलबार (केरळच्या परंपरेतल्या कॅथलिकांचा) चांदा धर्मप्रांत, अशा तिन्हीकडचे दवाखाने, तुरुंग, वसतिगृहं सांभाळणारे फादर तिचे सभासद. वर्षातून एकदा 11 फेब्रुवारीच्या आगेमागे बैठक असते. (हा लुर्दमातेचा सण. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1992 मध्ये तो जागतिक रुग्णदिन म्हणून जाहीर केला.) मिस्सा, एक व्याख्यान, जेवण, हिशेबवाचन, फोटो. की पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

यंदा हिशेब वाचून झाल्यावर अध्यक्ष फादरांनीच विषय काढला, की ही गाडी ओढायला माणसं उरली नाहीत. घटनेप्रमाणे मत फक्त धर्मगुरूंना. सिस्टर आणि आम्ही प्रापंचिक (दीक्षा न घेतलेले) ‘सहयोगी सभासद’. म्हणजे वर्गणी द्यायची, सतरंज्या घालायच्या, पण हात वर करायचा नाही. सभागृहात मतवाले पहिल्या दोन रांगांत मावले. मागचं सगळं सभागृह बिनमताचं. आणि त्या दोन रांगांतले फादर तरी काय करणार? एकाच माणसाकडे पॅरिश (गावचं चर्च), शाळा, वसतिगृह आणि वर दवाखाना. वॉर्डात ते तैलाभ्यंगापुरते (आजाऱ्याला तेल लावून द्यायचा संस्कार) येतात, तेही मोटरसायकलवर, रात्री फोन गेला की.

अध्यक्षांनी तीन वाटा ठेवल्या. संघटना विसर्जित करायची. किंवा कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडियाच्या, म्हणजे ‘चाई’च्या, छताखाली जायचं. नाहीतर घटना बदलायची.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घटना बदला. खाटेजवळ जो बसतो तो सभासद, आणि सभासद म्हणजे मतासकट. वर्गणीपेक्षा शिक्षण आणि आचारसंहिता बघा. सर्टिफिकेट भिंतीवर टांगण्यापुरतीच संघटना हवी असेल, तर विसर्जन बरं.

तुम्हाला काय वाटतं?

परतवाडा पॅसेंजर

जिथे सात मराठी माणसं जमतात तिथे आठ अध्यक्ष होतात. तुमच्याकडे अध्यक्ष स्वतःहून संघटना मोडा म्हणतोय? फोटो फ्रेम करून ठेवा.

मेळघाटातला वसईकर

काका, नमस्कार. मी त्या दोन रांगांतलाच एक. मूळचा वसईचा, अमरावती धर्मप्रांतात पाद्री आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडणं माझ्याकडे आलं.

‘फक्त धर्मगुरूंना मत’ हा केवळ अहंकार नव्हे. चर्चच्या कायद्यात, कॅनन 564 मध्ये, चॅप्लेन म्हणजे एखाद्या समूहाची आत्मिक जबाबदारी कायमस्वरूपी सोपवलेला धर्मगुरू. कॅनन 566 प्रमाणे दवाखान्यातल्या, तुरुंगातल्या आणि जहाजावरच्या चॅप्लेनला कन्फेशनच्या बाबतीत काही खास अधिकार मिळतात, ते धर्मगुरूशिवाय दुसऱ्या कोणाला देता येत नाहीत. तैलाभ्यंग फक्त धर्मगुरूच देऊ शकतो, कॅनन 1003. आणि 1997 मध्ये व्हॅटिकनने एक सूचनापत्र काढून बजावलं, की दीक्षित नसलेल्याने चॅप्लेन ही पदवी लावून घेऊ नये. रोममध्ये हे लिहिताना कोणाच्या डोळ्यासमोर धारणी तालुका नव्हता, हे मान्य. पण नियम आहे.

आता माझी अडचणही ऐका. माझ्या भागात आजारी माणूस कोरकू बोलतो. मी वसईत वाढलो, सेमिनरी (फादर होण्याचं शिक्षण) इंग्रजीतून केली, मराठी माझी मातृभाषा, आणि इतकं असून म्हाताऱ्या कोरकू बाईचं कन्फेशन मला धड कळत नाही. कॅनन 990 दुभाष्याची परवानगी देतो. दुभाष्यालाही गुप्ततेचं बंधन आहे. माझी दुभाषी म्हणजे तिथली नर्स मुलगी, बारावीनंतर जीएनएम केलेली. खाटेच्या एका बाजूला मी, दुसरीकडे ती, आणि आजीबाई माझ्याकडे बघतच नाहीत, सगळं तिलाच सांगतात. ती मला सांगते त्यात अर्ध्याहून जास्त गाळलेलं असतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळतं. मी विचारत नाही. क्षमा द्यायला मला तपशील लागत नाही.

त्या मुलीला आमच्या संघटनेत जागा नाही. सहयोगी म्हणूनसुद्धा नाही, कारण ती ‘चर्चने नेमलेली’ नाही. तेव्हा काका, मी तुमच्या विरोधात आहे असं समजू नका. फक्त ‘सगळ्यांना सारखं मत’ म्हणताना तैलाभ्यंगाचं काय, याचं उत्तर घटनेत असायला हवं.

राजेहो

मी काई कॅथलिक नाई, आमी वारकरी मानसं. पन माही माय त्याच दवाखान्यात होती बाप्पा, शेवटचे दिवस. म्हनून लिवतो.

एक सिस्टर रोज ये. झारखंडची होती म्हनत. तिची मराठी आयकून आमाले हासू ये. पयल्या दिवशी मायले वाटलं, आता हे येशूचं सांगनं. तं तिनं काईच नाई सांगतलं. मायच्या केसाच्या जटा झाल्या होत्या झोपून झोपून, ते खोबरेल तेल घेऊन बसली आन् एक एक बट सोडवली. दोन-तीन दिवस चाललं होतं ते. आमच्या घरच्या बायाइले नाई सुचलं. मंग माय तिच्यासंग बोलाले लागली. माह्या लहान भावाचं, जो औषध पेऊन मेला, त्याचं नाव मायनं आमच्यापाशी कदी काढलं नोतं. तिच्यापाशी काढलं.

आता तुमी म्हनता तिले मत नाई. काहून नाई? कोनाची संघटना हाये मंग हे?

परतवाडा पॅसेंजर

राजेहो, एका ओळीत धागा संपवला तुम्ही. +१

ओहायोची माहेरवाशीण

माहेर अचलपूर, सासर आता ओहायो. इथे कॅथलिक हॉस्पिटलात चॅप्लेन म्हणून नोकरी करते. मी दीक्षित नाही, दोन मुलांची आई आहे. वसईकर फादरांनी सांगितलेला नियम मला माहीत आहे. माझ्या नेमणूकपत्रावर धर्मप्रांत जपून शब्द वापरतो, हॉस्पिटल बॅजवर सरळ चॅप्लेन छापतं, आणि सगळे त्याकडे काणाडोळा करतात.

इथल्या संघटनेचा इतिहास तुमच्या कामी येईल म्हणून लिहिते. नॅशनल असोसिएशन ऑफ कॅथलिक चॅप्लेन्स 1965 मध्ये उभी राहिली, दुसरी व्हॅटिकन परिषद संपली त्याच वर्षी. सुरुवातीला ती फादरांचीच होती. मग सिस्टर आल्या, डीकन (फादरांच्या खालची दीक्षा घेतलेले) आले, प्रापंचिक आले. आज माझ्यासारख्या बायका काढून टाकल्या तर तिचं संमेलन एखाद्या वर्गखोलीत भरेल. म्हणजे काका जे बदलायचं म्हणताहेत ते इथे आपोआप घडलं, कारण फादर कमी झाले. कोणी क्रांती वगैरे केली नाही.

पात्रता मात्र कडक ठेवली. धर्मशास्त्रातली मास्टर्स पदवी, सीपीईची चार युनिटं, आपल्या बिशपांचं पाठिंबापत्र, आणि शेवटी समितीपुढे मुलाखत. सीपीई म्हणजे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, एका युनिटला 400 तास. याची सुरुवात अँटन बॉइसेन या प्रोटेस्टंट पाद्र्याने 1925 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात केली. तो स्वतः आधी मनोरुग्ण म्हणून दाखल राहिलेला होता. पुस्तकं वाचून माणूस कळत नाही, आजारी माणूस हेच जिवंत पुस्तक, असं त्याचं म्हणणं. फादर लोकांना हा प्रोटेस्टंटाचा अभ्यासक्रम पचायला वेळ लागला, पण पचला.

आता इथली खरी चिंता. 1998 मध्ये इतर पंथांच्या दोन संघटना एक होऊन असोसिएशन ऑफ प्रोफेशनल चॅप्लेन्स झाली. 2004 मध्ये कॅथलिक, ज्यू आणि इतर मोठ्या संघटनांनी प्रमाणपत्राचे समान निकष मान्य केले. चांगलंच झालं. पण निकष समान झाल्यावर तरुण चॅप्लेन विचारतो, मग मी वेगळ्या कॅथलिक संघटनेची वर्गणी का भरू? हॉस्पिटलच्या एचआरला बोर्डाचं प्रमाणपत्र हवं असतं, ते कोणत्या पंथाच्या बोर्डाचं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. तैलाभ्यंगासाठी जवळच्या पॅरिशच्या फादरांशी करार केला की झालं. म्हणजे व्यवसाय म्हणून आम्ही जितक्या पक्क्या झालो तितकी ‘कॅथलिक’ संघटना ठेवण्याची गरज पटवून देणं अवघड झालं.

तुमच्याकडे उलट आहे. चर्चचं बळ आहे, व्यवसायाचं नाही. म्हणून आमची घटना जशीच्या तशी उचलू नका. मास्टर्स पदवीची अट घातली तर राजेहोंच्या आईचे केस विंचरणारी सिस्टर बाहेर राहील.

शंकासुर

मी जरा कटू बोलणार आहे, संपादकांनी सांभाळून घ्यावं. माणूस मरणाला टेकलेला, घरचे हवालदिल, बिल डोक्यावर, अशा वेळी धर्माचा माणूस खाटेपाशी जाऊन बसतो. याला तुम्ही सेवा म्हणा, मला ते विषम नातं वाटतं. आणि हा संशय आजचा नाही. जुन्या मध्यप्रदेश सरकारने 1954 मध्ये मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, 1956 मध्ये अहवाल आला. विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता, नागपूर राजधानी होती. त्या अहवालात मिशनचे दवाखाने आणि शाळा यांवर ठपका आहेच. संघटना बांधताय तर या प्रश्नाचं उत्तर घटनेत लिहिणार का? की ‘आम्ही तसे नाही’ एवढ्यावर भागवणार?

एक्सरेवाले काका

शंकासुरजी, प्रश्न रास्त आहे, कटू वगैरे काही नाही. त्या अहवालावर तेव्हाच चर्चने हरकत घेतली होती, तो वाद इथे नको. पण घटनेत लिहावं हे शंभर टक्के. सिस्टर इथे वाचत आहेत, त्यांनी बोलावं असं मला वाटतं.

वैनगंगेकाठची सिस्टर

काकांनी नाव घेतलं म्हणून लिहिते. नाहीतर मी वाचकच बरी.

मी सध्या गडचिरोलीकडे असते. त्याआधी यवतमाळकडे होते. मला संस्थेने बंगळूरूला सीपीईला पाठवलं. तिथे कॅमिलियन (आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या संघाच्या) फादरांचं केंद्र आहे, सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्येही शिकवतात, आणि प्रोटेस्टंटांचं वेलोरचं मेडिकल कॉलेज तर यात जुनं. मराठीत हे शिक्षण मी कुठे पाहिलेलं नाही.

तिथे शिकवतात ते असं. तुम्ही रुग्णाला भेटता, काही लिहून घेत नाही, खोलीवर येऊन आठवून आठवून सगळं संभाषण कागदावर उतरवता. रुग्ण 1, मी 1, रुग्ण 2, मी 2, असे आकडे घालून. गप्प बसलात तर तेही लिहायचं. मग गटात वाचायचं आणि बाकीचे चिरफाड करतात. आमच्या गटातल्या एका ब्रदरच्या कागदावर होतं: रुग्ण 3, ‘रात्री झोप येत नाही.’ मी 3, ‘देवावर भरवसा ठेवा.’ मार्गदर्शक बाईंनी पेन्सिलने तिथे गोल केला आणि विचारलं, ‘तो झोपेबद्दल बोलत होता. देवाला मध्ये कोणी आणलं, आणि कोणाच्या सोयीसाठी?’ ब्रदरला उत्तर देता येईना. नंतर कळलं, रुग्णाच्या खाटेवरचा पंखा रात्रभर खडखडत होता.

शंकासुर दादा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच शिक्षण आहे. ‘आम्ही तसे नाही’ हे कोणीही म्हणेल. पण प्रत्येक भेट चारचौघांत वाचून दाखवायची सवय असेल तर लपवायला जागा राहत नाही. आमच्याकडे मी तीन नियम ठेवलेत. रुग्णाने स्वतः मागितल्याशिवाय प्रार्थना नाही. दुसऱ्या धर्माच्या रुग्णाने प्रार्थना मागितली तर आधी त्याच्या धर्माचं कोणी बोलावू का, हे विचारायचं. आणि बिल, सवलत, औषध यांच्याशी भेट देणाऱ्याचा काडीचा संबंध नाही. सवलतीच्या कागदावर माझी सही चालत नाही, हे मी स्वतः ऑफिसात लिहून दिलंय. विषम नातं आहे म्हणालात, ते खरं आहे. डॉक्टरांचंही असतं. म्हणून तर नियम लागतात.

एक प्रसंग सांगते, म्हणजे कामाचं स्वरूप कळेल. 2017 च्या पावसाळ्याच्या अखेरीला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झाली, वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यांत भरती झाले. त्या दिवसांत वॉर्डात जायचे. विषावर अ‍ॅट्रोपिन देतात, त्याने माणूस भ्रमिष्टासारखं करतो. हवेतल्या वस्तू पकडतो, कपडे ओढतो, ओळख विसरतो. म्हणून हात गॉझच्या पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेले. बायको दारात उभी. तिला वाटलं नवरा येडा झाला आणि दवाखान्याने त्याला जनावरासारखा बांधून घातला. डॉक्टरांना उभं राहून सांगायला सवड नव्हती, एकेका खाटेवर दोघं. मी तिला एवढंच सांगितलं, की हे औषधामुळे आहे, उतरतं, आणि पट्टीखाली बोट घालून दाखवलं की आवळलेली नाही. मग ती त्याच्या बांधलेल्या हाताजवळ येऊन बसली. सकाळी त्याने तिच्याकडे पाणी मागितलं, नाव घेऊन.

यात धर्म कुठे आहे, असं मला एका वरिष्ठांनी विचारलं होतं. मी म्हटलं, मत्तयच्या 25 व्या अध्यायात ‘मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या भेटीला आला’ एवढंच लिहिलंय, पुढे काय बोलायचं ते लिहिलेलं नाही.

मताचं म्हणाल तर मला मत मिळालं तर आवडेल. पण त्याहून मला वर्षातून दोनदा कोणी माझे कागद वाचणारं हवं आहे. मी ज्या ठिकाणी आहे तिथे माझी भेट तपासणारं कोणीच नाही. संघटनेने तेवढं केलं तरी पुष्कळ.

राजेहो

सिस्टर, तुमी पुसदकडं होत्या काय कदी? नाई सांगाचं तं नका सांगू. असंच इचारलं.

वेदनाशामक

मी पॅलिएटिव्ह केअरमधली (बरं न होणाऱ्या दुखण्यात वेदना कमी करण्याची) डॉक्टर, वर्ध्याच्या बाजूला. थोडं आमच्या अंगाने.

आमच्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण किती, हे विदर्भात सांगायला नको. खर्रा. पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, तोंडात धरून पोरगं शाळेत जातं आणि चाळिशीच्या आत नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहतं. जबड्याचं ऑपरेशन झालेला माणूस बोलू शकत नाही. त्याच्याशी चॅप्लेन काय बोलणार? मी पाहिलेल्या एका प्रापंचिक गृहस्थांनी पाटी-पेन्सिल आणली होती. रुग्णाने पहिला शब्द लिहिला ‘सोयाबीन’. सोंगणी (पिकाची कापणी) राहिली होती. मॉर्फीनचा डोस मी वाढवत होते आणि त्याचं दुखणं शेतात होतं. गृहस्थांनी सरपंचांना फोन केला, सोंगणी झाली, त्या आठवड्यात माझा डोस वाढवावा लागला नाही. सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं तेव्हापासून आम्ही ‘टोटल पेन’ शिकवतो: शरीराचं, मनाचं, घरसंसाराचं आणि आत्म्याचं दुखणं एकत्र. परीक्षेत सगळे लिहितात, वॉर्डात बघायला वेळ कोणाला नसतो.

एक व्यावहारिक मुद्दा. 2021 मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला. त्याच्या यादीत समुपदेशक आहेत, वैद्यकीय समाजसेवक आहेत, चॅप्लेन किंवा तसलं काही नाही. म्हणजे सरकारच्या दृष्टीने तुम्ही अस्तित्वातच नाही. सरकारी दवाखान्यात शिरायचं तर अधीक्षकांच्या मर्जीवर. म्हणून मला वाटतं, पूर्णपणे वेगळं ‘कॅथलिक’ दुकान मांडण्यापेक्षा जिल्ह्याच्या पॅलिएटिव्ह टीममध्ये स्वयंसेवक म्हणून या. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर 1994 पासून आहे, तिथे सगळ्या धर्मांची माणसं बसतात.

आणि विदर्भात ही गोष्ट परकी नाही हो. गाडगेबाबा शेंडगावचे, अमरावती जिल्ह्यातले. दादरला कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे आमचे कितीतरी पेशंट उतरतात. तिथे कोणी कोणाचं कन्फेशन घेत नाही, पण काम तेच चाललंय.

मेळघाटातला वसईकर

डॉक्टर, तुमच्या टीममध्ये येणं चांगलंच. पण रात्री दोनला मरणाऱ्या कॅथलिक बाईला तैलाभ्यंग हवा असतो, तो पॅलिएटिव्ह टीम देत नाही. 2020 च्या मार्चमध्ये व्हॅटिकनने फर्मान काढून साथीत ज्यांच्यापर्यंत धर्मगुरू पोहोचू शकत नाही त्यांच्यासाठी वेगळी कृपा जाहीर केली होती. पण दुसऱ्या लाटेत मला लोकांनी हेच विचारलं, ‘फादर, तुम्ही का नाही आलात?’ फर्मानाने त्यांचं समाधान झालं नाही. संघटनेच्या नावात कॅथलिक शब्द राहावा असं मी म्हणतो ते याच्यासाठी.

एक्सरेवाले काका

फादर, कॅथलिक शब्द मीही काढत नाही. तैलाभ्यंग तुमचा, कन्फेशन तुमचं, त्यावर कोणी मत मागत नाही. पण ख्रिस्तप्रसाद आजाऱ्यांकडे न्यायची परवानगी चर्चने प्रापंचिकांना 1973 मध्येच दिली. तिथे पन्नास वर्षांपूर्वी दार उघडलं आणि आमच्या सभागृहात अजून सतरंजीच.

‘चाई’बद्दल कोणी बोललं नाही म्हणून मीच बोलतो. 1943 मध्ये सिस्टर डॉक्टर मेरी ग्लाउरी यांनी सुरू केलेली संस्था, एका व्रतस्थ बाईने बांधलेली, त्याबद्दल आदरच आहे. पण ती मुख्यतः संस्थांची संघटना. दवाखाना सभासद होतो. सरकारी दवाखान्यात किंवा तालुक्याच्या तुरुंगात एकटा जाणारा माणूस तिथे कुठे बसणार? आणि आमच्याकडचे किती मिशन दवाखाने आता पूर्वीसारखे चालतात, ते बघताच आहात. खाटा कमी, ओपीडी तेवढी उरलेली. दवाखाना बंद पडला की त्याचं सभासदत्व संपतं, आजारी माणूस संपत नाही.

खुलं कारागृह

दवाखान्यांत तुरुंग हरवला. मी प्रिझन मिनिस्ट्री इंडियाचा स्वयंसेवक. नागपूर, अमरावतीची मध्यवर्ती कारागृहं, मोर्शीचं खुलं कारागृह. दर वेळी परवानगीपत्र, फोन बाहेर, झडती. आमच्याकडे फादरांपेक्षा प्रापंचिक जास्त, सुटलेल्या बंद्याला घरी पोहोचवणं हे निम्मं काम. या संघटनेत तुरुंगवाल्यांना बोलावतात आणि व्याख्यान दवाखान्यावर ठेवतात. घटना बदलणार असाल तर आम्हाला धरा, नाहीतर आमचं चाललंय ते बरं आहे.

कोर्टकचेरी

भावना पुष्कळ झाल्या, आता कागद. नागपुरात धर्मादाय आयुक्तांकडे वकिली करतो.

तुमची संघटना महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्थांसारखी दुहेरी नोंदलेली असणार: 1860 चा सोसायटी नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. पहिला प्रश्न, शेवटचा चेंज रिपोर्ट कधी दिला? विश्वस्त बदलल्यापासून 90 दिवसांत कलम 22 खाली द्यावा लागतो. माझ्या अनुभवात चर्चच्या संस्थांचं घोडं इथेच पेंड खातं. फादरांची बदली होते, नवे फादर येतात, कागदावर मात्र तीन बदल्यांपूर्वीचे फादर अजून सचिव. त्यातले काही देवाघरी गेलेले. अशा अवस्थेत केलेल्या घटनादुरुस्तीला कोणीही आव्हान देईल.

संस्थेचे उद्देश बदलायचे किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचं तर 1860 च्या कायद्याचं कलम 12: दहा दिवस आधी लेखी प्रस्ताव, विशेष सभेत तीन पंचमांश मतं, आणि महिन्याभराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन पंचमांश. विसर्जन करायचं तरी तीन पंचमांश, आणि उरलेला पैसा सभासदांत वाटता येत नाही, कलम 14 प्रमाणे दुसऱ्या संस्थेलाच द्यावा लागतो. नुसते सभासदत्वाचे नियम बदलायचे असतील तर तुमच्या घटनेत काय लिहिलंय ते बघावं लागेल.

गंमत अशी, की तिन्ही वाटांना मत फक्त त्या दोन रांगांनाच आहे. म्हणजे सिस्टरना मत द्यायचं की नाही हे सिस्टरांच्या मताशिवाय ठरणार. कायद्याला याचं काही वाटत नाही.

परदेशी पैसा घेता का? घेत असाल तर 2020 च्या दुरुस्तीनंतर दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं आणि प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा. न घेणंच सुखाचं.

एक्सरेवाले काका

परदेशी एक पैसा नाही. एक फिक्स डिपॉझिट आहे, व्याजातून जेवणाचा खर्च निघतो. चेंज रिपोर्टचं मात्र तुम्ही म्हणता तसंच असावं, मला दाट शंका आहे.

शंकासुर

सिस्टर, तुमचं उत्तर वाचलं. सवलतीच्या कागदावर सही न करण्याचा नियम मला सगळ्यात पटला. तो घटनेत शब्दशः घाला. माझा संशय संपूर्ण गेला असं नाही, पण तपासणीची तयारी दाखवणारी धार्मिक संस्था मी फारशी पाहिलेली नाही. माझ्या मंदिर ट्रस्टचा अनुभव आहे म्हणून म्हणतो.

ओहायोची माहेरवाशीण

सिस्टर, तुमचे कागद मी वाचेन. रुग्णाचं नाव-गाव काढून पाठवा. इथे माझे वाचणाऱ्या माझ्या पर्यवेक्षक आहेत, त्यांच्याकडून बऱ्याच शिव्या खाल्ल्यात, त्या पुढे देता येतील. महिन्यातून एकदा व्हिडिओवर आणखी चार-पाच जण जमले तर गटच होईल. मराठीतून. संघटनेची वाट बघायची गरज नाही.

वैनगंगेकाठची सिस्टर

ताई, मनापासून आभार. रात्री नऊनंतर इथे नेटवर्क बरं असतं. कोरकू दुभाषी मुलीलाही घ्यावं असं मला वाटतं, फादरांनी विचारावं. तिच्याजवळ सांगण्यासारखं आमच्याहून जास्त असेल.

राजेहो दादा, पुसदला नव्हते मी. ती आमचीच कोणी असेल, विचारून बघते.

मेळघाटातला वसईकर

विचारतो. ती माझ्यासमोर वाचून दाखवायला लाजेल, म्हणून मी गटात नको, तिला एकटीलाच जोडा.

काका, कोर्टकचेरी साहेबांचं वाचून आज संघटनेची फाईल मागवली. चेंज रिपोर्टवर अजून जे सचिव आहेत ते माझ्या सेमिनरीतल्या शिक्षकांचे शिक्षक. आधी तो निस्तरू. मग दहा दिवसांची नोटीस मी स्वतःच्या सहीने काढतो. दोन रांगांतल्या कोणाकोणाशी बोलायचं ते फोनवर ठरवू, इथे नको.

कोर्टकचेरी

फाईलचे फोटो इथे टाकू नका. खाजगी संदेशात पाठवा. आणि दोन सभांमध्ये पूर्ण महिना जाऊ द्या, घाई करून तारीख अलीकडे घेतली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

खुलं कारागृह

दुसरी सभा रविवारी ठेवू नका, आमची तुरुंगभेट रविवारी असते.